जुना मिररलेस कॅमेरा स्वस्तात मिळतोय, घेऊ का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

"ताई, अमुक मॉडेल एवढ्याला मिळतंय, घेऊ का?" हा मेसेज गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी तर हमखास येतो. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा परत परत येणारे प्रश्न एकत्र केलेत. हे सगळं मालवण-कुडाळ पट्ट्यात राहून लिहिलंय, म्हणजे खारं वारं आणि चार महिन्यांची झड गृहीत धरून. पुण्या-नाशकात राहणाऱ्यांनी फंगसचे (लेन्सच्या काचेवर धरणाऱ्या बुरशीचे) प्रश्न निम्म्याने कमी घाबरून वाचले तरी चालेल.

१. मिररलेस म्हणजे काय आणि "जुना" म्हणजे किती जुना?

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये आरसा असतो, यात नसतो. सेन्सरला जे दिसतं तेच स्क्रीनवर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) तुम्हाला दिसतं. असा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकचा जी१, २००८ चा. पण इथे जुना म्हणजे साधारण २०१४ ते २०१९ मधलं मॉडेल असं धरा. त्याच्या आधीच्यांचा फोकस मंद, व्ह्यूफाइंडर अंधुक, ते कोणी जवळपास फुकट दिले तरच बघा. आणि २०१८-१९ चे सोनी ए७ ३, निकॉन झेड६, फुजी एक्स-टी३, सोनी ए६४०० हे हातात घेतले तर जुने वाटतही नाहीत.

२. जुना घेण्यात अर्थ आहे का, की पैसे साठवून नवीनच घेऊ?

तुम्ही काय काढता त्यावर आहे. स्थिर फोटोच्या क्वालिटीत दहा वर्षांत फार मोठी उडी झालेली नाही. सोनी ए६००० हा २०१४ चा, २४ मेगापिक्सेलचा, सेकंदाला ११ फोटो काढतो, आणि त्याने काढलेला देवळाचा, होमस्टेच्या खोलीचा किंवा माशाच्या थाळीचा फोटो बघून कॅमेरा कधीचा आहे हे कोणी सांगू शकणार नाही. सुधारलं ते दुसरंच काहीतरी: डोळ्यावर चिकटून राहणारा फोकस, व्हिडिओ, बॅटरी, टाइप-सी चार्जिंग. म्हणजे घराचे, निसर्गाचे, दुकानातल्या वस्तूंचे फोटो असतील तर खुशाल जुना घ्या. पळणारी पोरं, पक्षी, रात्रीचा व्हिडिओ असेल तर १३ आणि १४ वाचून मग ठरवा.

३. मग फोन काय वाईट आहे?

काही वाईट नाही. दिवसाउजेडी काढून व्हॉट्सॲपवर टाकायचं असेल तर कॅमेरा घेऊच नका, खरंच. लांबची लेन्स लागते तेव्हा, कमी उजेडात माणसं हलत असतात तेव्हा आणि मोठी प्रिंट काढायची असते तेव्हा कॅमेऱ्याचा फरक दिसतो.

४. किती डिस्काउंट मिळाला तर "स्वस्त" म्हणायचं?

नुसती बॉडीची (लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याची) किंमत बघून उड्या मारू नका. त्यात दोन नव्या बॅटऱ्या मिळवा (जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी बहुतेक दमलेलीच असते), एक चांगलं कार्ड मिळवा, कोरडं ठेवायची सोय मिळवा आणि आपल्याकडे विसरला जाणारा खर्च म्हणजे बघायला जायचा. बऱ्यापैकी माल मुंबईत नाहीतर कोल्हापुरात असतो, एक दिवस मोडतो, आणि पुढे रिपेअरलाही तिथेच जावं लागतं.

समजा नवीन कॅमेरा ६० हजार आणि जुना ३२ हजार. बॅटऱ्या, कार्ड, डबा, प्रवास धरून जुना ४० हजारांवर जातो. माझा हिशोब असा की सगळं धरून नवीनच्या ६० टक्क्यांच्या आत बसलं तर घ्यावा, ७५ टक्क्यांच्या पुढे गेलं तर वॉरंटीवाला नवीनच बरा, आणि मधे असेल तर घासाघीस करावी. "सोबत बॅग, ट्रायपॉड, फिल्टर आणि क्लीनिंग किट फ्री" याची किंमत शून्य धरायची.

५. दुकानात सीलबंद पडून राहिलेलं जुनं मॉडेल डिस्काउंटमध्ये आहे. ते सेकंडहँडपेक्षा बरं ना?

बरंचसं हो, कारण बिल मिळतं आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते. पण खोक्यावरचा एमआरपीचा स्टिकर नीट वाचा, त्यावर आयात करणाऱ्याचं नाव आणि महिना-वर्ष छापलेलं असतं. चार वर्षांपूर्वीचा माल असेल तर आतली बॅटरी तेवढाच काळ न चार्ज होता पडलीये, ती धरेल की नाही सांगता येत नाही. त्यामुळे सील दुकानातच फोडायचं, बॅटरी चार्ज करून बघायची. आणि दुकान कुठलं? किनाऱ्यालगतच्या दुकानात बंद खोक्यातल्या लेन्सलाही फंगस लागू शकते. खोक्याचं सील दमटपणा थांबवत नाही. टॉर्च मारून बघाच (प्रश्न ७).

६. कोकणातल्या माणसाकडून घ्यावा की घाटावरच्या?

लोक विचारतात "किती वर्षांचा आहे", पण विचारायला पाहिजे ते "किती पावसाळे कुठे काढले". सोलापुरात सहा वर्षं वापरलेला कॅमेरा आमच्याकडच्या दोन पावसाळे कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा आतून स्वच्छ निघू शकतो. हवेत ६०-६५ टक्क्यांच्या वर दमटपणा टिकून राहिला की फंगस वाढायला लागते, आणि मिरग लागला की आपल्याकडे नव्वदच्या आसपास आठवडेच्या आठवडे असतो. त्यात मीठ वेगळंच. वाऱ्याबरोबर येणारं मीठ धातूवर बसतं, ओल धरून ठेवतं आणि हळूहळू खातं.

म्हणून कोकणातला माल वाईट असं सरसकट नाही, पण विकणाऱ्याला सरळ विचारा: पावसात कुठे ठेवत होतात? "ड्राय कॅबिनेटमध्ये" (आतला दमटपणा कमी ठेवणाऱ्या विजेच्या कपाटात) किंवा "हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून" असं पटकन उत्तर आलं तर चांगलं. "बॅगेतच असायचा, वापरत नव्हतो फारसा" हे ऐकलं की मी तरी सावध होते. न वापरलेला हा गुण समजून लोक सांगतात, पण बंद लेदरच्या बॅगेत न वापरता पडलेला कॅमेरा हीच फंगसची सगळ्यात आवडती जागा.

७. फंगस कशी ओळखायची? विकणारा म्हणतो धूळ आहे.

लेन्स कॅमेऱ्यातून काढा. ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं पाहिजे. ज्या मॅन्युअल लेन्सला ॲपर्चरची रिंग आहे तिथे रिंगने उघडा. खोलीतले दिवे कमी करा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून पुढून बघा, मग उलटं करून बघा. सरळ मारला तर डोळे दिपतात आणि काही दिसत नाही, तिरकाच पाहिजे. हळूहळू फिरवत राहा. धूळ म्हणजे सुटे सुटे ठिपके. फंगस म्हणजे कडेकडून आत येणारे बारीक तंतू, फाटे फुटलेले, काही वेळा चांदणीसारखे. सगळ्या काचेवर एकसारखा धूसरपणा असेल तर तो हेझ, तोही नको, उजेडासमोर फोटो फिके येतात.

थोडी धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, ती फोटोत दिसत नाही, त्यावरून भांडू नका.

८. लेन्सला थोडीशीच फंगस आहे म्हणून अर्ध्या किमतीत देतोय, घेऊ?

पुढच्या किंवा मागच्या बाहेरच्या काचेवर असेल, लेन्स महाग असेल आणि साफ करणारा ओळखीचा असेल तर विचार करा, साफसफाईचा खर्च आधी विचारून. आतल्या काचांमध्ये असेल तर सोडा. फंगस कोटिंग खाते, साफ केली तरी डाग राहतात. किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत येते ती) तर मुळीच नको, दुसरी मिळते तेवढ्यात. आणि "कडक उन्हात ठेवली की जाते" हे खरं नाही. वाढ थांबेल कदाचित, पण जे खाल्लंय ते परत येत नाही, उलट उन्हाने रबर आणि ग्रीस खराब होतं.

९. बॉडी हातात घेतल्यावर काय काय तपासू?

अर्धा तास द्या, उभ्या उभ्या बसस्टँडवर व्यवहार करू नका, आणि आपलं कार्ड घेऊन जा.

आधी बाहेरून बघा. फ्लॅश लावायच्या हॉट शूचे रूळ, ट्रायपॉडचा स्क्रू, खालचे बारीक स्क्रू, बॅटरीच्या खोबणीतले पिवळे काँटॅक्ट, यूएसबीच्या रबराखालची जागा. कुठे हिरवट-पांढरी पूड किंवा गंज दिसला तर कॅमेरा समुद्रावर राहिलाय, आतही तसंच असणार, परत द्या. डायल फिरवताना कर्र आवाज आला तर वाळू. फुजी एक्स-टी१ सारख्या काही बॉडींचं रबर सुटतं, ते दिसायला वाईट पण चिकटवता येतं, किंमत पाडायला मात्र उपयोगी.

मग सेन्सर. ॲपर्चर एफ/१६ वर ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या आकाशाचा किंवा भिंतीचा फोटो काढून झूम करून बघा. काळपट मऊ ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. स्पष्ट रेघ म्हणजे ओरखडा, तिथे व्यवहार संपला. बहुतेक जुन्या मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो (कॅनन ईओएस आर बंद केल्यावर शटर लावून घेतो, तो अपवाद), त्यामुळे बीचवर लेन्स बदलणाऱ्या माणसाचा कॅमेरा लगेच कळतो. नंतर लेन्सला झाकण लावून एक-दोन सेकंदांचा फोटो काढा. दोन-चार रंगीत ठिपके चालतात, गर्दी नको.

बॉडीत स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर तो चालू करून व्हिडिओ काढा, चित्र उगाच थरथरलं तर तो गेलाय आणि रिपेअर महाग. प्रत्येक बटण, दोन्ही स्क्रीन, टच, वायफायने आपल्या फोनला जोडून एक फोटो, हे सगळं करा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

१०. शटर काउंट किती असेल तर चालेल?

शटर काउंट म्हणजे आतापर्यंत शटर किती वेळा चाललं तो आकडा. सेकंडहँड गाडीच्या किलोमीटरसारखं आहे, आकडा महत्त्वाचा पण चालवली कुठे ते जास्त महत्त्वाचं. सोनी ए७ ३ आणि निकॉन झेड६ चं शटर २ लाखांसाठी टेस्ट केलेलं आहे, फुजी एक्स-टी२ चं दीड लाखासाठी. त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर डोक्यातून काढून टाका. फाइलच्या नावातला नंबर ९९९९ नंतर परत सुरू होतो, त्यामुळे "फक्त ३००० फोटो काढलेत" याचा तो पुरावा नाही. आणि सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने काढलेले फोटो यांत्रिक शटरला झिजवत नाहीत. मी स्वतः काउंटपेक्षा प्रश्न ९ मधल्या गंजाला जास्त घाबरते.

११. एवढं सांगितलंत, मॉडेल सांगा ना.

शिकायला आणि घरच्यासाठी: सोनी ए६०००. लेन्स भरपूर, सिग्माच्या १६, ३० आणि ५६ एमएमच्या एफ/१.४ लेन्स लावल्या की त्याच बॉडीचं रूप बदलतं. उणिवा पण ऐका. बॉडीत स्टॅबिलायझर नाही, माइकची पिन नाही, ४के नाही. त्याची १६-५० ची मोटरवाली किट लेन्स वाळू-मिठाला नाजूक आहे, आत-बाहेर करताना अडकते का ते चार-पाच वेळा चालू-बंद करून बघा.

फिरायला हलका: ऑलिंपस ई-एम१० मार्क २, २०१५ चा. १६ मेगापिक्सेलच, पण हात हलला तरी सांभाळून घेतो. यूएसबीने चार्ज होत नाही, चार्जर सोबत आलाय का बघा. ऑलिंपसचा कॅमेरा धंदा २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे आहे, लेन्सचा माउंट (लेन्स बॉडीला बसते तो सांधा) चालूच आहे.

रंग आणि डायलचा शौक असेल तर फुजी एक्स-टी२०. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) स्वस्तात पाहिजे म्हणून बरेच जण सोनी ए७ २ कडे जातात, त्याची बॅटरी छोटी (कंपनीच्या मोजणीत ३५० च्या आसपास फोटो) आणि फोकस आजच्या मानाने संथ. थोडे पैसे वाढवून ए७ ३ घ्या, बॅटरी दुप्पट चालते. नाहीतर ए६००० वर राहून उरलेले लेन्समध्ये घाला.

१२. कॅनन एम५० खूप स्वस्त मिळतोय. माउंट बंद झालाय म्हणतात, खरं का?

खरं. कॅननने सगळा जोर आता आरएफ माउंटवर लावलाय, एम५० च्या ईएफ-एम माउंटमध्ये नवीन काही येणार नाही. तरी बोलत बोलत व्हिडिओ काढणाऱ्याला एम५० अजून चांगला आहे, स्क्रीन फिरते, माइक लागतो, सिग्माच्या त्याच तीन लेन्स मिळतात आणि ॲडॅप्टर लावून कॅननच्या डीएसएलआरच्या लेन्सही चालतात. फक्त पुढे बॉडी बदलाल तेव्हा ईएफ-एमच्या लेन्स उपयोगाच्या नाहीत हे धरून किंमत पाडा. निकॉन १ आणि सॅमसंग एनएक्स मात्र कितीही स्वस्त असले तरी नको, बॅटरी आणि लेन्स शोधण्यातच वर्ष जाईल.

१३. दशावताराचं रात्रभर रेकॉर्डिंग करायचंय, जुना मिररलेस चालेल?

इथे जुन्यांची खरी परीक्षा. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतं, फुजी एक्स-टी२० चं ४के तर दहाच मिनिटांत. सोनी ए६३०० ४के ला तापतो. एम५० ४के वर टाकला की चित्र खूप कापतो आणि फोकसही मंदावतो. म्हणजे विष्णू-संकासुराचं युद्ध रंगात आलंय आणि तुमचा कॅमेरा बंद. फुल एचडी वर काढा, दोन प्रवेशांच्या मधे रेकॉर्डिंग बंद-चालू करा, आणि वीज असेल तर डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, प्लगवर चालणारी) लावा.

स्वस्तात व्हिडिओच मुख्य असेल तर पॅनासॉनिक जी७ किंवा जी८५ बघा, ४के आहे, माइक लागतो. मंडपातल्या ट्यूबलाइट-एलईडीखाली पट्टे दिसत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, २५ फ्रेमवर शटर १/५० ठेवा. सायलेंट शटरने फोटो काढतानाही असेच पट्टे येतात, तिथे यांत्रिक शटर वापरा.

१४. वेळासची कासवं, धनेश, तारकर्लीचे डॉल्फिन यांच्यासाठी?

तिन्हींना वेगवेगळं लागतं. कासवाची पिल्लं सकाळी-संध्याकाळी सोडतात, तुम्ही दोरीच्या अलीकडे, उजेड कमी, फ्लॅश चालत नाही. २०० एमएमपर्यंत जाणारी लेन्स आणि जमिनीलगत बसून बघायला उघडणारी स्क्रीन असली की ए६००० सुद्धा पुरतो. डॉल्फिनला होडी हलते आणि तो वर येतो तो क्षणभर, म्हणून वेगाने फोटो काढणारा कॅमेरा आणि १/१००० च्या पुढचं शटर. धनेश उंच झाडावर, तिथे बॉडी राहू दे, लेन्सच ३०० च्या पुढची लागते आणि ती बॉडीपेक्षा महाग पडते. हे आधी कळलं तर बरं म्हणून सांगितलं.

१५. "वेदर सील्ड" आहे म्हणतो, पावसात चालेल ना?

नवीन असताना. ऑलिंपस ई-एम५ मार्क २ किंवा फुजी एक्स-टी२ ची बॉडी सील्ड आहे, पण लेन्सही सील्ड पाहिजे, नाहीतर पाणी माउंटमधून जातं. आणि सीलची रबरं दहा वर्षांत कडक होतात. रिमझिमीत एखादा फोटो ठीक, लाटेचे शिंतोडे नकोत. उडालेच तर गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या फडक्याने लगेच पुसा, मग कोरड्याने.

१६. सोनी फार स्वस्त आहे पण मेनू जपानीत आहे. भाषा बदलता येते ना?

जपानच्या बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच सोनी बॉडींमध्ये फक्त जपानीच असते, मेनूत दुसरी भाषाच नसते. असा कॅमेरा बाहेरून आणलेला, भारतातली वॉरंटी नाही. इंग्रजी मेनूवालाही बाहेरचा असू शकतो, तो ओळखायला प्रश्न ५ मधला स्टिकर बघा.

१७. विकणारा लांबचा आहे, आधी पैसे मागतोय. पाठवू?

नको. "मी आर्मीत आहे, बदली झालीये, कुरिअरने पाठवतो" ही जुनी कहाणी आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, त्यामुळे रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करायला कोणी सांगितलं की फोन ठेवून द्या. रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने मुंबईला जा, दिवसा बघून घ्या, रात्री परत या. कॅमेऱ्याला फोनसारखा आयएमईआय नसतो, चोरीचा आहे की नाही ते कळायला बिल आणि खोका हाच आधार: खोक्यावरचा आणि बॉडीखालचा सिरीयल नंबर जुळवा. बिल नसेल तर निदान विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही घ्या.

१८. घेतल्यावर घरात कुठे ठेवू?

ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर तेच, ४० ते ५० टक्क्यांवर. नसेल तर रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरा. तांदूळ नको, पीठ आत जातं. फार कोरडंही करू नका, ३० च्या खाली रबर-ग्रीसला बरं नाही. बॅग वेगळी ठेवा, ती ओल धरते. आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा, पावसात तर नक्की. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आणला की काचेवर वाफ धरते, आधी पिशवी बांधून अर्धा तास ठेवा.

१९. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात, जुन्यावर सुरुवात करू?

करा, पण दोन कार्डांचा स्लॉट असलेल्यावर. एक्स-टी२, एक्स-टी३, ए७ ३ ला आहे. झेड६ आणि ईओएस आर ला एकच. कार्ड गेलं तर मुहूर्त परत लागत नाही. झेड६ ला साधं एसडी कार्ड चालत नाही, एक्सक्यूडीसारखं वेगळं कार्ड लागतं, ते महाग, प्रश्न ४ च्या हिशोबात धरा. तुमचा जीएसटी नंबर असेल तर नवीन कॅमेऱ्यावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं. घरगुती माणसाकडून घेतलेल्या जुन्यावर ते नाही, म्हणजे धंदेवाल्यासाठी जुन्या-नव्यातलं अंतर दिसतं त्यापेक्षा कमी. सीएला विचारून घ्या.

२०. काका मुंबईहून येताना त्यांचा जुना कॅमेरा फुकट देतायत, कपाटात पडून होता. फुकट आहे तर घेऊ ना?

घ्या, काकांना नाही कशाला म्हणता. पण लगेच तुमच्या चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. आधी बॅटरी बघा: फुगली असेल तर खोबणीतून ओढून काढू नका आणि चार्जिंगला तर अजिबात लावू नका. चांगली दिसली तरी नवी आणूनच चालू करा. तारीख-वेळ पुसलेली असेल तर घाबरू नका, आतली छोटी बॅटरी उतरलेली असते, कॅमेऱ्यात चार्ज केलेली बॅटरी एक-दोन दिवस राहू दिली की बहुतेक वेळा ती भरते. मग प्रश्न ७ आणि ९. फंगस निघाली तर लेन्स बाजूला, बॉडी वापरा. आणि दुरुस्तीवर खर्च करायच्या आधी तेच मॉडेल चालू स्थितीत कितीला मिळतं ते बघा, बऱ्याचदा दुरुस्तीच महाग पडते.